परतवाडा ते चिखलदरा सायकलने : नागपूरच्या सपाटीवर तयारी करायची तरी कशी?

तर्रीपेडल
मंडळी, डिसेंबरच्या शेवटी आम्ही चौघं मित्र परतवाड्याहून चिखलदऱ्याला सायकलने चढायचं म्हणतोय. नागपूरहून परतवाड्यापर्यंत सायकली गाडीत टाकून न्यायच्या, रात्री तिथे मुक्काम, पहाटे निघायचं.

परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर. मधलं अंतर साधारण तीस किलोमीटर. सरासरी काढली तर अडीच टक्के चढ येतो, म्हणजे कागदावर काहीच नाही. पण हा घाट मी गाडीने केलाय, आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जसं कण्हतं ते काही अडीच टक्क्यांचं कण्हणं नव्हे.

माझं वय ४४, वजन ७६ किलो. सायकल रोड बाइक, पुढच्या चकत्या ५०/३४ दातांच्या, मागचा कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, ११-२८ दातांचा. अमरावती रोडने कोंढाळीपर्यंत जाऊन येण्यात काही वाटत नाही. पण आपल्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल. तर प्रश्न असे : सराव कुठे करायचा? मागचा कॅसेट बदलावा का? आणि तिसरा प्रश्न भांडणाचा आहे. आमच्या ग्रुपमध्ये ठरलंय की जो घाटात सायकलवरून उतरून ढकलेल त्याने बाकीच्यांना सावजी खाऊ घालायचं. मला हा नियमच पटत नाही. उतरणं म्हणजे हरणं का?

झिरोमाइल
सावजी मिळणार असेल तर चौघांनीही उतरावं आणि बिल पाचव्याच्या नावावर फाडावं.

गोंडखैरीचा_पोट्टा
भाऊ, सराव कायले पायजे? सेमिनरी हिल्स आहे ना. फुटाळ्याकडून वर चढा, खाली या, पुन्हा चढा. पाचव्या फेरीले चहावाला ओळखू लागते, दहाव्या फेरीले कीव करू लागते.

अंबाझरी_सकाळ
हा घाट मी केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती सरासरी डोक्यातून काढून टाका. परतवाडा सोडल्यावर धामणगाव गढीपर्यंतचा रस्ता जवळपास सपाटच. म्हणजे अंतराचा मोठा तुकडा असाच उंची न घेता निघून जातो आणि सगळी चढण उरलेल्या भागात कोंबलेली असते. दुसरं म्हणजे त्या सपाट भागात थंडी असते, पाय ताजे असतात, चौघं एकमेकांच्या मागे लागून तिशीच्या स्पीडने पळवता. घाट सुरू होईपर्यंत अर्धा दम तिथेच संपतो. गढीपर्यंत गप्पा मारत जा. गप्पा मारताना धाप लागली की समजा जास्त होतंय.

चढ सुरू झाला की पहिल्या दहा मिनिटांत शरीर फसवतं. साग, बांबू, गार सावली, सगळं छान वाटतं आणि माणूस एक गिअर जड ठेवून चालवतो. मग एका वळणानंतर रस्ता सरळ दिसतो, वळणं नाहीत, आणि तो सरळ तुकडा डोळ्यांना सपाट वाटतो. आजूबाजूचा सगळा डोंगरच तिरका असला की रस्त्याचा तिरकेपणा डोळ्याला कळत नाही. आपल्याला वाटतं ब्रेक घासतोय, टायरमध्ये हवा कमी आहे. माझ्या सोबतचा एक जण दोनदा थांबून मागचं चाक उचलून फिरवून बघत होता. चाक मस्त फिरत होतं.

वाटेत आधी सलोना गाव, मग मोथा. मोथ्याला पोचलात की मोठं काम झालं असं धरा. तिथे खवा-रबडी मिळते, पण ती उतरताना खा.

डेक्कनवासी
आम्ही पुण्यात सिंहगड करतो. डोणज्याहून वर आठ-नऊ किलोमीटरमध्ये साडेपाचशे-सहाशे मीटर उंची. तीस किलोमीटरमध्ये साडेसातशे हे खरं तर वॉर्म-अपमध्ये मोडतं. रविवारी सकाळी शाळकरी मुलंही चढतात. पिठलं-भाकरी खाऊन नऊच्या आत घरी.

गोंडखैरीचा_पोट्टा
@डेक्कनवासी, तुमी मे महिन्यात नागपूरले या. दुपारी दोन वाजता वर्धा रोडनं नुसतं बुटीबोरीपर्यंत सपाट चालवून दाखवा. चढ आमी माफ करतो.

डेक्कनवासी
दुपारी दोन वाजता आम्ही झोपतो.

झिरोमाइल
हे मात्र पहिल्यांदा खरं बोलले.

निवृत्त_बांधकाम
मी घाटरस्त्यांच्या कामात आयुष्य घालवलं. सायकल आता फक्त भाजी आणायला. पण चढाबद्दल दोन गोष्टी सांगतो, सायकलवाल्यांना उपयोगी पडतील.

रस्ता किती तिरका ठेवायचा याचे इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम आहेत. डोंगराळ भागात नेहमीचा चढ २० ला १, म्हणजे ५ टक्के. फार तर ६. अगदी इलाजच नसेल तर ७, तोही थोड्या लांबीसाठी. त्याहून तीव्र कड्याच्या प्रदेशात हेच आकडे ६, ७, ८ होतात. भरलेला ट्रक चढला पाहिजे आणि उतरताना ब्रेक टिकले पाहिजेत, हा त्यामागचा हिशोब. सायकलवाल्याचा विचार कुणी केला नव्हता, पण फायदा त्यालाही होतो.

दुसरी गोष्ट वळणांची. हेअरपिन वळणावर चढ ४० ला १ पेक्षा जास्त ठेवायचा नसतो, म्हणजे अडीच टक्केच. आतल्या कडेची त्रिज्या किमान १४ मीटर. साध्या वळणांवरही चढ थोडा कमी करतात, कारण वळताना वाहनाची ओढ कमी होते. तेव्हा नियमाने बांधलेल्या घाटात वळण ही विश्रांतीची जागा आहे. लोक वळण दिसलं की घाबरतात. घाबरायचं असेल तर दोन वळणांमधल्या सरळ तुकड्याला घाबरा.

अंबाझरी_सकाळ
काका, कागदावर तुमचं बरोबर असेल, पण माझ्या जीपीएसने एका वळणावर १४ टक्के दाखवलं होतं. अडीच टक्क्यांचं वळण मला तरी भेटलं नाही.

निवृत्त_बांधकाम
अंबाझरी, तुम्ही वळणाच्या आतल्या कडेने गेला असाल. वळणाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत उंचीतला फरक दोन्ही कडांना तेवढाच, पण आतली कड आखूड आणि बाहेरची लांब. तेवढीच उंची आखूड अंतरात चढायची म्हटल्यावर आतली कड उभी होणारच. आम्ही चढ मोजतो तो रस्त्याच्या मध्यरेषेवर. समोरचा रस्ता मोकळा दिसत असेल तरच मध्याकडून जा, आंधळ्या वळणावर मात्र आपली डावी बाजू सोडू नका. डावीकडे वळणाऱ्या हेअरपिनला आतली कड तुमच्याच नशिबी येते, तिथे आधीच हलका गिअर टाकून ठेवायचा.

आणि जुने रस्ते या नियमांच्या आधीचे असतात, हेही खरं. किल्ल्यावर, देवळावर जाणारे रस्ते तर कुठल्याच नियमात बसत नाहीत. रामटेकचा गडावर जाणारा गाडीरस्ता बघा.

सायकलवाली_रमा
रामटेक! तर्रीपेडल, सरावासाठी हेच उत्तर आहे. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर जायचं, पाय थकलेले असताना गड चढायचा, मग परत यायचं. घाटात चढ थकलेल्या पायांना लागतो, त्यामुळे सरावही तसाच हवा. सेमिनरी हिल्सला ताज्या पायांनी फेऱ्या मारून वेग वाढतो, पण दीड-दोन तास एकाच सुरात पेडल मारत राहायची सवय होत नाही.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमच्या ग्रुपचा नियम पुरुषी आहे, असं मी म्हणणार होते, पण आमच्या बायकांच्या ग्रुपमध्येही हाच नियम आहे, फक्त सावजीऐवजी आइस्क्रीम. तेव्हा तेवढं मागे घेते.

पण हिशोब करा. अगदी उभ्या चढावर दमलेला माणूस ताशी पाच किलोमीटरने पेडल मारतो, हँडल डावी-उजवीकडे डुलतंय, मागून ट्रक येतोय. चालत ढकलणारा ताशी चारने जातो. तेवढ्या एका किलोमीटरसाठी एवढा जीव का जाळायचा? मी दोनशे मीटर चालते, नाडी खाली येते, पुन्हा बसते. वर पोचले की कुणी विचारत नाही.

तर्रीपेडल
रमाताई, नेमका हाच माझा मुद्दा! ग्रुपला हे वाचून दाखवतो.

बोर्डीचा_बाबा
मी मात्र रमाताईंशी असहमत. उतरलं की पुन्हा चढणं हाच मोठा प्रश्न. दहा टक्के चढावर क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे, बूट घालून थांबा आणि पुन्हा सुरू करून दाखवा. एक पाय अडकवला, दुसरा उचलला, तोवर सायकल मागे सरकते आणि माणूस आडवा. म्हणून मी उतरतच नाही. हा अभिमान नाही, भीती आहे.

सायकलवाली_रमा
@बोर्डीचा_बाबा, त्याची युक्ती आहे. थांबायच्या आधीच सगळ्यात हलका गिअर टाकून ठेवायचा, कारण थांबल्यावर तो पडत नाही. पुन्हा निघताना पुढून-मागून वाहन नाही हे बघून सायकल रस्त्याला आडवी धरायची. रस्त्याच्या आडव्या दिशेला चढ नसतो. अडकवलेला पाय घड्याळात दोन वाजता काटा असतो तिथे आणायचा, ब्रेक दाबून ठेवायचा, सीटवर बसायचं, मग ब्रेक सोडून एक जोरदार पेडल. आडवं तीन-चार मीटर गेलात की दुसरा पायही अडकतो. मग हळूच वरच्या बाजूला वळायचं. वाहन येत असेल तर सरळ वळणापर्यंत चालत जा, काकांनी सांगितलंच आहे की तिथे चढ कमी असतो.

बॅटरीवाला
मी ई-सायकलवर गेलो असतो तर हा धागा दोन ओळींत संपला असता.

गोंडखैरीचा_पोट्टा
आणि बॅटरी मोथ्याच्या अलीकडे संपली असती तं पंचवीस किलोचं धूड ढकलत तुमी दोनशे ओळी लिहिल्या असत्या.

आकडेमोड
कॅसेटच्या प्रश्नाकडे कुणीच गेलं नाही. मी जातो.

तर्रीपेडल ७६ किलो, सायकल-पाणी-सामान मिळून १२ धरू. एकूण ८८. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पेडल मिनिटाला ६० फेऱ्यांपेक्षा खाली गेलं की गुडघ्यावर येतं, तेव्हा ६० ही खालची हद्द.

आत्ता : पुढे ३४, मागे २८. ६० फेऱ्यांना वेग येतो ताशी ९.२ किलोमीटर. १० टक्के चढावर हा वेग टिकवायला लागणारी ताकद २४० वॅटच्या आसपास.

मागे ३४ टाकला तर : पेडलची एक फेरी, चाकाची एक फेरी. ६० ला वेग ७.५. त्याच चढावर साधारण २०० वॅट.

सराव करणारा चाळिशीतला हौशी माणूस २०० वॅट काही वेळ रेटू शकतो. २४० ला तो पाच-दहा मिनिटांत फुटतो. म्हणजे कॅसेट बदलल्याने चढ सोपा होत नाही, पण तुम्हाला हळू जायची परवानगी मिळते. २८ वर ती परवानगीच नाही. एकतर जोर लावा, नाहीतर पेडल अडकवत चला.

हलकी सायकल घ्यावी का, हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. एक किलो कमी झालं तर ८८ मधलं एक, म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी फरक. कार्बनच्या दुकानात जायच्या आधी जिलबीच्या दुकानात जाणं थांबवा.

झिरोमाइल
शेवटचं वाक्य मॉडरेटरने उडवावं.

तर्रीपेडल
@आकडेमोड, टक्क्यांचा एक गोंधळ दूर करा. १०० टक्के चढ म्हणजे भिंत का?

आकडेमोड
नाही. शंभर मीटर आडवं गेल्यावर जितके मीटर वर, तितके टक्के. म्हणून १०० टक्के म्हणजे ४५ अंश. १० टक्के म्हणजे जेमतेम पावणेसहा अंश, २० टक्के म्हणजे सव्वाअकरा. अंशात सांगितलं तर घरचे हसतात, म्हणून सायकलवाले टक्क्यात सांगतात.

युरोपातला_वऱ्हाडी
मूळचा धरमपेठेतला, आता स्पेनमध्ये. तुम्ही १० टक्क्यांवर बोलताय म्हणून इथला एक घाट सांगतो. अस्तुरियास भागात अँग्लिरू नावाचा चढ आहे. साडेबारा किलोमीटर, सरासरी १० टक्क्यांच्या जवळ, आणि ती सरासरीही चिखलदऱ्यासारखीच फसवी. पहिला अर्धा भाग सभ्य. वरच्या अर्ध्यात एक तुकडा साडेतेवीस टक्क्यांचा आहे. स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत तो पहिल्यांदा १९९९ मध्ये आला.

२००२ मध्ये तिथे पाऊस होता. टीमच्या गाड्या ओल्या चढावर अडकल्या, सायकलवाले पडले. डेव्हिड मिलर हा ब्रिटिश रायडर त्या दिवशी वारंवार पडून कसाबसा वर पोचला आणि अंतिम रेषेच्या अगदी अलीकडे थांबला. जर्सीवरचा नंबर काढून दिला, रेषा ओलांडलीच नाही. आम्ही जनावरं नाही, असा त्याचा राग होता.

ते पोटासाठी सायकल चालवणारे. तुमच्या पोटाचा प्रश्न सावजीवर सुटणार आहे, तेव्हा उतरायला लाजू नका.

मी स्वतः तो चढ बघायला गेलोय. पायी. त्या साडेतेवीस टक्क्यांच्या तुकड्यावर पायीसुद्धा टाच टेकत नाही.

डेक्कनवासी
साडेतेवीस ऐकल्यावर सिंहगडाबद्दलचं माझं विधान थोडं मवाळ करतो.

झिरोमाइल
नोंद घ्यावी. पुणेकर मवाळ झाल्याची ऐतिहासिक घटना आपल्या धाग्यावर.

फिजिओताई
माझ्याकडे दर हिवाळ्यात गुडघे धरून सायकलवाले येतात, म्हणून थोडं गंभीर.

एक : गुडघा पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा जड गिअर कमी फेऱ्यांनी रेटलेला असतो. मागून दुखत असेल तर सीट जास्त वर. घाटाच्या आदल्या दिवशी सीटची उंची बदलू नका. बदलायची तर महिनाभर आधी.

दोन : उभं राहून चढणं आणि बसून चढणं यात बसून चढणं स्वस्त पडतं. उभं राहिलं की ताकद मिळते, पण नाडी वर जाते. पाठ मोकळी करायला अधूनमधून उभं राहा, तेवढंच. फार उभ्या तुकड्यावर पुढचं चाक उचलल्यासारखं वाटलं तर सीटच्या टोकाकडे सरका आणि कोपरं वाकवा. ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर उभं राहिलात तर मागचं चाक घसरेल, कारण वजन पुढे गेलेलं असतं.

तीन : उष्णता. हे नागपूरकरांना सांगावं लागतं याचं नवल वाटतं. सपाटीवर ताशी पंचवीसने वारा लागतो, घाम वाळतो. घाटात साडेसातने वारा नाही. आकडेमोड यांचे २०० वॅट पेडलवर पोचतात, पण शरीराची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्केच. उरलेली सहाशे-आठशे वॅट उष्णता अंगातच तयार होते, म्हणजे चालू इस्त्री पोटाशी बांधून चढल्यासारखं. म्हणून डिसेंबरमध्येही जर्किन गढीपाशी काढून ठेवा आणि उतरताना घाला. पाणी घोट घोट, त्यात मीठ-साखर-लिंबू. संत्री खिशात चालतील, हंगामच आहे.

आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. छातीत जडपणा, डाव्या हातात कळ, चक्कर, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं. तिथे सावजीचा हिशोब नाही.

गोंडखैरीचा_पोट्टा
ताई, तुमी तं भेव दाखवून राहिल्या. पण इस्त्रीचं पटलं. आमच्या आईले सांगतो, इस्त्री नको घेऊ, मलेच कपड्यावर लोळव.

काटोलनाका
सरावाबद्दल वेगळं मत. चढ नसेल तर वाऱ्यावर चालवा. काटोल रोडवर उलटा वारा असताना फेटरीच्या पुढे जा, जड गिअर टाका. पायांना तोच ताण.

आकडेमोड
@काटोलनाका, अर्धं खरं. वाऱ्यात वेग जास्त असतो, चाकांना गती असते, त्यामुळे पेडल वर-खाली होताना मधला मेलेला क्षण चाकाची गती ओढून नेते. घाटात वेग इतका कमी की प्रत्येक फेरीत सायकल थबकते आणि तुम्ही पुन्हा ढकलता. पायाला ते वेगळं लागतं. तरी काहीच न करण्यापेक्षा वारा बरा. आणि आठवड्यातून एकदा रामटेक.

परतवाडेकर
आत्ता वाचला धागा. आम्ही खालीच राहतो, रोज तो डोंगर बघतो.

तुम्ही सगळे गिअरबद्दल बोलताय. आमच्याकडे अजूनही काही म्हातारी माणसं साध्या काळ्या बावीस इंची सायकलने अर्ध्या घाटापर्यंत जातात. गिअर नाही. बसून चढत नाहीत, चढ आला की शांतपणे उतरतात, हँडलला हात लावून चालतात, सपाट आलं की बसतात. त्यांना कुणी हरलास का म्हणून विचारत नाही. सायकल त्यांच्यासाठी सामान वाहायची वस्तू, आणि परतीला उतार फुकट. एक गोष्ट मात्र करू नका. पोरं ट्रकची मागची साखळी धरून वर जातात. बघायला भारी वाटतं, पण ट्रक वळणावर आत आला की पोराला जागा उरत नाही.

बाकी रस्त्याबद्दल. डिसेंबरमध्ये सुट्ट्या असतात, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. मंगळवार-बुधवार निवडा. पहाटे निघा, पण काळोखात घाटात शिरू नका. हे मेळघाट आहे, अस्वल सकाळी रस्त्यावर येतं. उजेड झाल्यावर गढी सोडा. खाण्याची पिशवी हँडलला लटकवू नका, माकडं सायकल चालू असतानाही ओढतात. पावसाळ्यात येत असाल तर पूर्ण वेगळं प्रकरण, धुकं इतकं की समोरचं वळण दिसत नाही आणि कडेला शेवाळ.

आकडेमोड
परतवाडेकर, ती काळी सायकल : पुढे ४४, मागे १८ दात धरले तर ताशी ८ ने चढायला पेडल मिनिटाला २५ फेरे मारतं. म्हणजे एकेका पायावर जवळजवळ उभं राहणं. ती माणसं उतरतात ते शहाणपणच आहे.

निवृत्त_बांधकाम
उतरण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून पुन्हा आलो. चढताना माणूस दमतो, उतरताना मरतो. रस्ता अरुंद असेल तर डोंगरात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असा वाहतुकीचा नियम आहे. सायकलने उतरताना तुम्ही ती वाट द्यायची. समोरून चढणारी बस वळणावर बाहेर येते, तिला दुसरा इलाज नसतो.

अंबाझरी_सकाळ
काकांशी यावेळी शंभर टक्के सहमत. रिम ब्रेकवाल्यांनी ब्रेक सतत घासत उतरू नये, रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी सरळ रेषेत दोन्ही ब्रेक ठासून दाबा, वेग कमी करा, सोडा, वळा. वळणात ब्रेक नाही. मध्ये थांबून हात झटका, बोटं आखडतात. रबडी इथे खा, म्हणजे ब्रेकही गार होतील.

नंदनवनची_नात
प्रश्न विषयाला सोडून आहे. चिखलदऱ्याला कॉफी पिकते म्हणतात, ते खरं का? का हॉटेलवाल्यांनी सोडलेली पुडी?

परतवाडेकर
खरं आहे. इथे कॉफीची लागवड आहे, इंग्रजांच्या काळापासूनची. वर कॉफी प्या, गाविलगड बघा, मग उतरा. थकलेल्या पायांनी लगेच उतरणं टाळायला बहाणा चांगला आहे.

बोर्डीचा_बाबा
आपल्याच नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिकेची रॅम, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका, ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. जवळपास ४,८०० किलोमीटर, वाटेत रॉकी पर्वत, मुदत बारा दिवसांची. तेव्हा नागपूरच्या सपाटीवर राहून डोंगर चढता येत नाही, हे म्हणणं बंद करा.

काटोलनाका
त्यांची गोष्ट वेगळी. ते ज्या वेळी उठून सायकलवर बसत असतील त्या वेळी आपण दुसऱ्या कुशीवर वळतो. पण मुद्दा मान्य.

तामियाप्रेमी
चिखलदरा झाला की मटकुलीहून पचमढी करा. १,०६७ मीटरवर आहे. साखळीने दम सोडला नसेल तर येताना तामिया.

तर्रीपेडल
सगळ्यांचे आभार. ग्रुपला धागा पाठवला. निर्णय असे झाले : मंगळवारी निघायचं, उजेड झाल्यावर गढी सोडायची, रविवारी रामटेक सुरू. ढकलण्याचा नियम रद्द करायला दोघं तयार, एक अडून बसलाय. तो म्हणतो, रमाताईंच्या दोनशे मीटरला परवानगी, त्याच्या पुढे निम्मं सावजी.

कॅसेट ११-३४ घ्यायचा ठरवला. पण दुकानदार म्हणतो, मागचं डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, लहान आहे, ३४ बसणार नाही, डिरेलरही बदला. मला वाटतं गिऱ्हाईक बघून सांगतोय. खरं काय?

आकडेमोड
खरं असू शकतं. डिरेलरच्या मागे, आतल्या बाजूला बघा, एसएस किंवा जीएस असं कोरलेलं असतं. एसएस म्हणजे आखूड पिंजरा, त्याला बहुतेक मॉडेलमध्ये ३४ दात झेपत नाहीत. जीएस, म्हणजे त्याहून लांब पिंजरा, असेल तर ३४ चालायची शक्यता चांगली, तरी मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या तक्त्यात सगळ्यात मोठी चकती किती दातांची चालते हे बघा. साखळी मात्र नवीनच लागेल. जुनी २८ साठी कापलेली आहे, ३४ वर टाकली की ताणली जाईल, आणि पुढच्या मोठ्या चकतीवर असताना चुकून मागे ३४ पडला तर डिरेलरच ओढून तोडेल.

तर्रीपेडल
बघितलं. एसएस. दुकानदाराची माफी मागायला जातो.

गोंडखैरीचा_पोट्टा
माफी मागताना भाव बी कमी करून घ्या. आणि जुनं डिरेलर फेकू नका, मले द्या, माह्या सायकलीले चालते.